‘उगाच घाबरू नका’ हा सल्ला नव्हे

तान्ह्या मुलांच्या आईबापांना सध्या दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. एक बाजू म्हणते, हल्लीचे पालक अती करतात. बाळ शिंकलं की डॉक्टर, शी हिरवी झाली की फोन, दर आठवड्याला वजन. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, तरी मुलं वाढलीच. दुसरी बाजू म्हणते, काळजी घ्यावी तेवढी थोडीच, पुढे पस्तावण्यापेक्षा आत्ता घाबरलेलं बरं. हा वाद घराघरात, दवाखान्याच्या बाकांवर आणि फोनच्या पडद्यावर अखंड चालू आहे, आणि तो भलत्याच प्रश्नावर चालू आहे. दोघेही काळजी किती आहे ते मोजताहेत. ती कशाची आहे, हे कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत असं आहे की लहान मुलांच्या बाबतीत काळजी जास्त किंवा कमी असण्यापेक्षा ती चुकीच्या जागी असण्याचा धोका कितीतरी मोठा आहे. जे दिसतं, जे आवाज करतं, जे थर्मामीटरवर किंवा वजनकाट्यावर आकड्यात येतं, तिकडे सगळं लक्ष जातं; जे गुपचूप घडतं तिकडे जात नाही. याचा दोष आईबापांच्या स्वभावाला देता येत नाही. सल्ला देणाऱ्यांनी, म्हणजे डॉक्टरांनी, परिचारिकांनी, वडीलधाऱ्यांनी आणि औषधाच्या बाटलीवरचा मजकूर छापणाऱ्यांनी, त्यांना मर्यादा आणि कारणं सांगितलेलीच नसतात. ‘उगाच घाबरू नका’ या तीन शब्दांत ना मर्यादा आहे, ना कारण.

तापाचंच पाहा, कारण लहान मुलांच्या घरात सगळ्यांची झोप तो उडवतो. सहा महिन्यांवरच्या मुलाचा ताप ३८.५ अंश सेल्सिअस आहे की ३९.५, यावरून आजार किती गंभीर ते फारसं कळत नाही. साध्या विषाणूच्या तापातही पारा ३९.५ पर्यंत चढतो, आणि गंभीर जंतुसंसर्गात तो ३८.३ वरच राहू शकतो. कळतं ते मुलाकडे पाहून. ताप थोडा उतरल्यावर ते खेळतं का, नजरेला नजर देतं का, पितं का, गेल्या सहा-आठ तासांत शू झाली का, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, अंगावर दाबूनही फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके आलेत का. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा नियम मात्र पूर्ण वेगळा आहे. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप असेल तर बाकी काहीही न पाहता त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, रुग्णालय गाठायचं. त्या वयात रक्ताचा, लघवीचा किंवा मेंदूच्या आवरणाचा संसर्ग दुसरं एकही लक्षण न दाखवता असू शकतो. म्हणजे पारा तोच, ३८.२. दोन वर्षांचं मूल गाडी ढकलत घरभर फिरत असेल तर थांबून पाहता येतं. सहा आठवड्यांचं बाळ शांत झोपलेलं असलं तरी निघावं लागतं. बाळंतपणानंतर घरी निघालेल्या किती जणांना हा फरक कुणी कागदावर लिहून देतं? बहुतेकांच्या पदरी पडतो तो सरसकट धीर, आणि तो मोठ्या मुलाच्या बाबतीत खरा असला तरी तान्ह्याच्या बाबतीत घातक ठरू शकतो.

पाऱ्याकडे एवढं टक लावून पाहणारं घर बाटलीवरच्या बारीक अक्षरांकडे मात्र पाहत नाही, आणि खरी चूक तिथे होते. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आठ किलोच्या बाळाला १५ च्या हिशेबाने १२० मिलिग्रॅम झाले. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर त्याचे ५ मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये २५० असेल तर २.४, आणि थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर फक्त १.२. ‘एक चमचा द्या’ एवढंच फोनवर ऐकून कुणी त्या थेंबांच्या बाटलीतलं ५ मिलिलिटर पाजलं तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपटीहून जास्त. हे दोन दिवस चालू राहिलं तर यकृताला इजा होऊ शकते. स्वयंपाकघरातल्या चमच्याचं माप ठरलेलं नसतं, म्हणून सुई नसलेल्या सिरिंजने मोजून द्यावं. सर्दी-खोकल्याच्या काही तयार मिश्रणांतही पॅरासिटामॉल असतं. बाटल्या दोन, नावं दोन, औषध एकच, अशी गत होते. आणि हे औषध पारा खाली आणण्यासाठी नाहीच, मुलाला जरा बरं वाटावं म्हणून आहे. शांत झोपलेल्या मुलाला डोससाठी उठवायचं कारण नाही. तापातले झटके औषधाने टळतील असा भरवसाही धरता येत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी दोन ते पाच टक्क्यांना असे झटके कधी ना कधी येतात. बघणाऱ्याचा जीव जातो की राहतो असं होतं, पण बहुतेक वेळा ते काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि मागे इजा ठेवत नाहीत. त्या वेळी मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालायचं नाही, आणि घड्याळ पाहायचं. पाच मिनिटं उलटली तरी थांबले नाहीत तर तातडीची मदत. पहिल्यांदाच झटका आला असेल तर तो थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

काळजी चुकीच्या जागी बसण्याची ही सवय आजकालची नाही. दात येण्याचा इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्युनोंदींत ‘दात येणे’ हे अर्भकांच्या मृत्यूचं कारण म्हणून सर्रास लिहिलं जाई. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे याने दाताला वाट करून देण्यासाठी हिरडी कापण्याचा पुरस्कार केला, आणि पुढे कित्येक पिढ्या हिरड्या कापल्या गेल्या. हे लोक मूर्ख होते का? अजिबात नाही. त्यांना एक योगायोग दिसत होता आणि तो खरा होता. आईकडून पोटात मिळालेली प्रतिकारद्रव्यं सहा महिन्यांच्या सुमारास ओसरतात, त्याच वेळी बाळ हाताला येईल ते तोंडात घालू लागतं, वरचं अन्न सुरू होतं, जुलाब-तापाचे आजार सुरू होतात, आणि नेमके तेव्हाच दात येतात. दात डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाही. मग दातावर उपाय झाले. दात येतानाच्या पुडीत पाऱ्याचं संयुग असे, आणि त्यातून मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलणारा, मुलाला रात्रंदिवस तळमळत ठेवणारा आजार फैलावला. १९४० च्या दशकात त्याचा पाऱ्याशी संबंध लागला, १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये त्या पुड्या बाजारातून गेल्या, आणि तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला. दात तेव्हाही येत होतेच.

आज हिरड्या कुणी कापत नाही, पण तर्क तोच टिकून आहे. जुलाब होताहेत? दात येताहेत. ३९ ताप आहे? दात येताहेत. दाताने हिरडी सुजते, लाळ गळते, मूल चिडचिडं होतं, अंग किंचित कोमट लागतं. ३८ च्या वरचा ताप आणि पाण्यासारखे जुलाब दातामुळे होत नाहीत. इथे ‘उगाच घाबरू नका’ म्हणणारा माणूस मुलाचं शरीर कोरडं पडत असताना घराला थांबवून ठेवतो. जुलाबात शी थांबवण्याची घाई नको, गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढण्याची घाई हवी. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर जलसंजीवनी, तीही एकदम नाही, दर मिनिट-दोन मिनिटांनी चमचा-चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं. लिटरभर पाण्याची पुडी अंदाजाने पेल्यात ओतली तर द्रावण इतकं खारट होतं की रक्तातलं मीठ वाढून मुलाची अवस्था बिघडते. शू होत नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, मूल मलूल पडून राहतं, शीत रक्त दिसतं, यातलं काही असेल तर घरचे उपाय थांबवून निघायचं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तज्ज्ञांचं तरी काय खरं? ते आज एक सांगतात, उद्या दुसरं. हे अगदी खरं आहे, आणि याची सर्वात वेदनादायक साक्ष बाळाच्या झोपेची आहे. विसाव्या शतकात जगभर प्रचंड खपलेल्या बालसंगोपनाच्या एका पुस्तकात आधी बाळाला पाठीवर निजवा असं लिहिलेलं होतं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून पालथं निजवायला सांगितलं गेलं. कारण दिलं होतं ते ऐकायला बिनतोड वाटावं असं: उताण्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल. शरीररचना नेमकी उलट सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढ चढावा लागतो. पालथं केलं की हा क्रम फिरतो. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात पालथं निजवण्याचा सल्ला पसरला आणि पाळण्यातले अचानक मृत्यू वाढत गेले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने दाखवून दिलं की १९७० पर्यंत हाती आलेले अभ्यास नीट एकत्र करून वाचले असते तर पालथ्या झोपेचा धोका तेव्हाच कळला असता. एकट्या ब्रिटनमधले दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान पन्नास हजार मृत्यू टळू शकले असते. ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये ‘पाठीवर निजवा’ ही मोहीम काढली. मृत्यू निम्म्याहून खाली आले.

या प्रकरणात तज्ज्ञ चुकले होते, आणि बाळाला उताणं निजवणारी एखादी आजी त्यांच्यापेक्षा बरोबर होती. हे मान्य करायला मला जराही संकोच वाटत नाही. शेंगदाण्याचंही तसंच झालं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला, आणि २०१५ मध्ये ६४० बाळांवर केलेल्या चाचणीत लवकर, चार ते अकरा महिन्यांच्या वयात, सुरुवात केलेल्यांमध्ये ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. (दाणा अख्खा कधीच द्यायचा नाही, पातळ केलेली मऊ पेस्ट द्यायची. अंगभर तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून.) पण या दोन्ही गोष्टींतून काय सिद्ध होतं? तज्ज्ञांवर विश्वास ठेवू नका, हे? चूक कळली ती मोजल्यामुळे, आणि दुरुस्त झाली तीही मोजल्यामुळेच. पालथं निजवण्याचा सल्ला बदलला म्हणून तो वाईट ठरत नाही. न मोजता, नुसत्या सुचलेल्या तर्कावर तो हुकुमासारखा दिला गेला, हे वाईट होतं. कारणासकट दिलेला सल्ला तपासता येतो. हुकूम फक्त पाळता येतो किंवा मोडता येतो. म्हणून आज बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट गादीवर, उशी, रजई, मऊ खेळणी न ठेवता निजवा असं सांगताना त्यामागचं कारणही सांगायला हवं: नाकातोंडाभोवती मऊ काही आलं तर बाळ आपणच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं, आणि मान फिरवून सुटण्याची ताकद अजून आलेली नसते. हे कळलं की दमलेल्या बापाने बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डोळा लागू देणं पाळण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं का, हे वेगळं सांगावं लागत नाही. स्वतः पालथं आणि पुन्हा उताणं होऊ लागलेल्या बाळाला रात्रभर जागून सारखं सरळ करत बसायची गरज का नाही, हेही त्याच कारणातून उलगडतं.

‘आम्ही नाही का वाढलो?’ हा प्रश्न मात्र मला सोडून द्यावासा वाटत नाही, कारण तो फार मायेने विचारला जातो. १९९० साली जगात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सुमारे ९३ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. २०२२ मध्ये हा आकडा ३७ वर आला. हजारातले ९०७ जण आज म्हणू शकतात की आम्ही वाढलोच. उरलेले ९३ जण काय म्हणाले असते? जगलेल्यांच्या साक्षीवर उभा केलेला कोणताही नियम असाच लंगडा असतो. पण याच आकड्यांत विरोधी बाजूचा आणखी एक खरा मुद्दा दडलेला आहे, आणि तो लपवू नये: मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत, मग भीती का वाढली? लसी, स्वच्छ पाणी, प्रतिजैविकं आणि जलसंजीवनीने मोठे शत्रू मागे ढकलले. उरलेल्या रिकाम्या जागेत लहानसहान गोष्टी येऊन बसल्या.

वजन ही त्यातली पहिली. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात, कधी दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत परत जन्माच्या आकड्यावर येतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा दुपटी ओली होत असतील तर दूध पोटात जातंय. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांवरून बनले. त्यातली मधली रेषा ही उत्तीर्ण होण्याची रेषा नाही. निम्मी निरोगी मुलं तिच्या खालीच असणार, ती काढलीच तशी आहे. तळाजवळच्या रेषेला धरून वर चढणारं मूल ठीक असतं. वरच्या रेषेवरून दोन रेषा ओलांडून खाली घसरलेलं गुबगुबीत मूल तपासायला हवं, आणि त्याच्याबद्दल सहसा कुणालाच काळजी वाटत नाही, कारण ते अजून दिसायला चांगलं असतं. चालण्याचंही असंच. त्याच संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागली, आणि काही मुलं रांगलीच नाहीत. नवव्या महिन्यात चालणारं शेजारचं बाळ म्हणजे पुढे गेलेलं बाळ नव्हे. मात्र अठरा महिने झाले तरी चालत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, वर्षाचं होऊनही बोट दाखवत नाही की बडबडत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, किंवा आलेली गोष्ट विसरून गेलं, यातलं काही असेल तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वाट पाहू नये. पहिल्यांदा कान तपासावेत. आणि चालणं लवकर यावं म्हणून आणलेलं चाकांचं वॉकर चालणं पुढे ढकलतं आणि मुलाला जिन्यापर्यंत नेतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

मग जिथे लक्ष जात नाही ते काय? ते सगळं बिनआवाजाचं असतं. रांगत्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकलं की पाय उचलले जातात आणि परत वर येण्याएवढं बळ हातांत नसतं. पाच सेंटीमीटर पाणी पुरतं. बुडणारं मूल ओरडत नाही, पाणी उडवत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत काहीही ऐकू येत नाही. वापर झाला की बादली रिकामी करून पालथी ठेवावी, एवढाच उपाय आहे. घास अडकल्यावरही असंच होतं. मूल खोकतंय, ओकारीचा आवाज करतंय, लाल झालंय तोवर हवा जा-ये करते आहे. त्याला खोकू द्यावं, तोंडात आंधळेपणाने बोट घालून घास आत ढकलू नये. आवाज थांबला की उठायचं. वर्षाच्या आतलं असेल तर डोकं खाली करून हातावर पालथं धरायचं, पाठीच्या फऱ्यांमध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. वर्षावरच्याला पाच थापा आणि बेंबीच्या वर पोटावर पाच झटके. घास निघेपर्यंत आलटून पालटून, आणि दुसऱ्याने तोवर मदत बोलवायची. मूल निपचित पडलं तर हृदय-श्वास चालवण्याची क्रिया (सीपीआर) सुरू करायची. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून पाहावं लागतं. द्राक्षासारखी गोल फळं उभी चिरून चार फोडी कराव्यात. आडवी चिरली तर ती गोलच राहतात.

नाण्याच्या आकाराच्या चपट्या बटण सेलबद्दल तर बहुतेक घरांना कल्पनाच नसते. रिमोट, गाणारं शुभेच्छापत्र, वजनकाटा, कुठेही तो असतो. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या त्वचेतून वीज वाहू लागते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आरपार जाळू शकते. उपकरण चालेनासं झालं म्हणून काढलेल्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही तेवढी वीज उरलेली असते. मुलाने गिळताना कुणी पाहिलेलं नसतं. दिसते ती लाळ, न खाणं, खोकला. थोडाही संशय आला तर थेट क्ष-किरण तपासणी, उलटी करवायची नाही. मूल वर्षावरचं असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी १० मिलिलिटर मध, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने जळण्याचा वेग कमी होतो, पण मधासाठी निघायला उशीर करायचा नाही. वर्षाच्या आतल्याला मध कधीच नाही.

शीच्या रंगाचं उदाहरण मला सर्वात बोलकं वाटतं. हिरवी शी पाहून घर हादरतं, आणि हिरवी शी जवळजवळ नेहमी निरुपद्रवी असते. घाबरावं अशी शी फिकट असते: पांढरट, राखाडी, शाडूच्या मातीसारखी. पित्त आतड्यात उतरत नाही याची ती खूण. पित्तनलिका बंद असलेल्या बाळावर साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर पित्ताचा प्रवाह सुरू होण्याची शक्यता चांगली असते. उशीर होत गेला की यकृत निकामी होत जातं. बाळ वरवर छान दिसतं, दूध पितं, वजनही वाढतं, जरा पिवळं असतं एवढंच. ‘तान्ह्यांना कावीळ असतेच’ असं कुणीतरी म्हणतं, आणि दिवस निघून जातात. तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड घातलं. हे रंग ठीक, हे रंग दिसले तर कळवा. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यानंतर वाढलं. एका कार्डाने आईबापांची काळजी कमी केली की वाढवली? दोन्ही केलं. हिरव्या शीची मिटवली, पांढरीची जागी केली. सल्ला फक्त वाचता येणाऱ्यांपर्यंत आणि डॉक्टर जवळ असणाऱ्यांपर्यंतच पोचतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यालाही हेच उत्तर: रंग ओळखायला अक्षर यावं लागत नाही.

‘इतके आकडे हातात दिले तर आईबाप आणखी भेदरतील’, असं काही चांगले डॉक्टरही म्हणतात. मला ते पटत नाही. मर्यादा जेवढी दारं उघडते तेवढीच बंदही करते. केवळ अंगावर पिणाऱ्या, सहा आठवड्यांवरच्या बाळाला सात दिवस शी झाली नाही तरी, पोट मऊ असेल, उलट्या नसतील आणि झाल्यावर ती मऊ असेल तर, ते चालतं. हे एक वाक्य कळलेलं घर साबणाच्या कांड्या आणि रेचकं शोधत बसत नाही. भेदरवते ती अर्धवट माहिती, जिला कुठेच शेवट नसतो.

रडण्याबाबत तर हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या आयांनी ठेवलेल्या नोंदी मांडल्या. निरोगी बाळांचं रडणं आठवड्यागणिक वाढत सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचत होतं, बहुतेक संध्याकाळी, आणि मग उतरत होतं. ज्या आईला हे माहीत नाही ती सहाव्या आठवड्यात स्वतःलाच विचारते की माझं काय चुकतंय, दूध कमी आहे का. ज्याला माहीत नाही असा दमलेला माणूस बाळाला गदगदा हलवतो, आणि मानेच्या त्या हिसक्यांनी मेंदूत रक्तस्राव होतो. पोट भरलंय, दुपटं कोरडं आहे, ताप नाही, उलटी नाही, तरी रडणं थांबत नाही आणि आपला तोल सुटतोय असं वाटलं की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून दार ओढून घ्यावं, दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसावं, मग परत येऊन पाहावं. त्या दहा मिनिटांच्या रडण्याने बाळाला काही होत नाही. घरी जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला हे दोघांनाही ऐकू येईल असं सांगायला हवं, नुसतं आईला नाही.

आणि आईची स्वतःची काळजी? बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नाही, छाती धडधडते, आपल्या हातून बाळाला काहीतरी होईल असे विचार थांबत नाहीत, तेव्हा तिला ‘उगाच घाबरू नको’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला तापू नको म्हणणं आहे. हा आजार आहे, तो खूप बायकांना होतो आणि उपचारांनी बरा होतो. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये त्यासाठी दहा प्रश्नांची एक साधी यादी तयार झाली, एडिंबरा प्रश्नावली या नावाने ती आज अनेक भाषांत आहे. भरायला पाच मिनिटं लागतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल थेट विचारतो, आणि त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी तिच्याशी बोलायचं असतं. लसीसाठी आलेल्या बाळाचं वजन होत असताना तो कागद आणि पेन आईच्या हातात देता येतो.